जेवणाची हाक

बापूंचा पाय खुर्चीवर होता, पायाखाली उशी, आणि उशीला माईंनी चांगल्यातला अभ्रा घातला होता. घरात दुखणं आलं की माई आधी कपाटाच्या तळचा तो अभ्रा काढत. त्याने दुखणं लवकर बरं होत नाही हे त्यांनाही ठाऊक होतं. पण दुखण्याचा जरा मान राहतो.

रविवारची दुपार. टेबलाशी चौघं बसलेली, माई वाढायला उभ्या, आणि कुणाचाच घास तोंडापर्यंत पोचत नव्हता.

"पाटी उतरव," अण्णा म्हणाले.

"नाही उतरवणार," ताई म्हणाली.

सकाळपासूनची ही तिसरी खेप. पहिल्या दोन वेळा बापलेक निदान एकमेकांकडे बघून बोलले होते. आता अण्णा मिठाच्या भांड्याला सांगत होते आणि ताई खिडकीला. खिडकीतून रस्त्यापलीकडची त्यांचीच ओतशाळा दिसत होती: करडं दार, वर काजळलेलं धुराडं, दाराशी पाण्याचा नळ. अण्णांच्या वडिलांनी उभी केलेली, अण्णांनी चालवलेली, आणि गेल्या तीन वर्षांपासून ताईच्या हातात आलेली. म्हणजे कागद, ऑर्डरी आणि माणसं ताईच्या हातात. भट्टी अजून अण्णांचीच. ते भट्टीसमोर उभे राहिल्याशिवाय लोखंड वितळत नाही, असं कामगार म्हणत, आणि अण्णांनी ते कधी खोडून काढलं नव्हतं.

पाटी ताईने बुधवारी ओतशाळेत लावली होती. लाल अक्षरांत एकच ओळ: इथे शिवी देऊ नये. आणि शुक्रवारी बापूंचा पाय भाजला होता.

"मी शिवी दिली असती," अण्णा म्हणाले, "तर याचा पाय आज बुटात असता, उशीवर नसता. एवढं तरी मान्य कर."

ताईने ते मान्य केलं नाही, पण नाकारलंही नाही. तिने पाण्याचा पेला उचलला आणि तसाच खाली ठेवला.

शुक्रवारचं सगळ्यांना पाठ झालं होतं. अण्णांचे धाकटे भाऊ बापू लाकडी नमुने करतात. त्या नमुन्यांवरून वाळूत साचे उठतात. ते एक साचा मोजत मोजत मागे सरकत होते आणि मागून साखळीवर टांगलेली ओतायची बादली, लॅडल, येत होती, वितळलेल्या लोखंडाने काठोकाठ भरलेली. अण्णांनी पाहिलं. तोंड उघडलं. चाळीस वर्षांचा शब्द ओठांपर्यंत आला, आणि त्याच क्षणी समोरच्या भिंतीवर लाल अक्षरं दिसली. त्यांनी तो गिळला. दुसरा शोधायला लागले. 'बाजूला'? 'सांभाळ'? 'मागे बघ'? पासष्ट वर्षांच्या माणसाला अख्ख्या भाषेत एक शब्द सापडेना. शेवटी त्यांनी साखळीच ओढली, लोखंड हिंदकळलं, आणि पळीभर बापूंच्या बुटावर पडलं.

"तीन सेकंद," अण्णा म्हणाले. "मी तोंड वासून उभा. माशासारखा."

"पण ओरडायला शिवीच कशाला हवी, अण्णा?" ताई म्हणाली.

"ते तू मला सांग. तू ऑफिसात बसतेस, काचेआड. पंखा लागला की तुला तुझं नाव तरी ऐकू येतं का?"

माई वरण की भाजी, काय वाढतोय तेच विसरून डाव हातात धरून उभ्या होत्या. गेल्या चार दिवसांत त्यांना जे कळलं होतं, ते त्यांच्या अजून पचनी पडत नव्हतं. लग्नाला अडतीस वर्षं झाली. नवऱ्याच्या तोंडून त्यांनी वावगा शब्द ऐकला नव्हता. मांजराने दूध सांडलं तर अण्णा मांजराला "अहो, काय हे" म्हणत. दुपारी जेवायला येताना ते ओतशाळेच्या दाराशी नळावर थांबत, खळखळून चूळ भरत, मग रस्ता ओलांडत. माईंना वाटायचं, धूळ. अडतीस वर्षं त्या नवऱ्याच्या स्वच्छतेचं कौतुक करत आल्या होत्या. बुधवारी ताईने सांगितलं तेव्हा कळलं की ती सासऱ्यांनी घालून दिलेली शिस्त आहे: तिथलं तोंड तिथेच धुवायचं, घरी आणायचं नाही.

"काय तोंड असेल," माई मनाशी म्हणाल्या, "रोज धुवावं लागणारं."

आणि तिथली रीतही तेव्हाच कळली. भट्टीच्या पंख्याच्या गोंगाटात नाव ऐकू येत नाही. म्हणून थोरल्यांनी, म्हणजे अण्णांच्या वडिलांनी, कधीकाळी पाडलेली पद्धत: कामावर आलेला माणूस पारखून झाला की त्याला एक शिवी मिळायची. त्याची स्वतःची, दुसऱ्या कुणाची नाही. ती कानावर आली की मान वळायची. नुसत्या नावाने हाक मारतात तोवर माणूस पाहुणा. शिवी मिळाली की पक्का.

गेल्या मंगळवारी अण्णांनी गाभेवालीला पक्कं केलं.

वाळूच्या कामावर आलेली ती पहिली बाई. पंपाचं कवच आतून पोकळ यावं म्हणून साच्याच्या पोटात वाळूचा गाभा बसवतात. लोखंड त्याच्याभोवती थिजतं, मग गाभा ठोकून काढायचा. काम नाजूक. आठ महिन्यांत तिच्या हातचा एकही गाभा वेळेआधी ढासळला नव्हता. मंगळवारी तिने हातभर उंचीचा गाभा एका दमात उभा केला, आणि अण्णांनी खूश होऊन, सगळ्यांच्या देखत, हसत, तिला तिची शिवी दिली. तिने एप्रन सोडला, घडी घातली, वाळूच्या पेटीवर ठेवला आणि निघून गेली. अण्णांचं हसू तोंडावर तसंच राहिलं. त्या संध्याकाळी त्यांनी माईंना एवढंच सांगितलं होतं, "मान दिला तर बाई गेली. काय बोलायचं?"

आता अण्णांनी ताट पुढे सारलं. "उद्या पाटी भिंतीवर असेल, तर मी भट्टीवर नसेन. झालं माझं बोलून."

"आणि पाटी उतरवली तर गाभेवाली कधीच येणार नाही," ताई म्हणाली. "पंपाची ऑर्डर आहे, अण्णा. ती नाही तर गाभे नाहीत, तुम्ही नाही तर लोखंड नाही. मी काय पाठवू त्यांना, वाळू?"

तिचा आवाज शेवटी जरा चिरकला. माईंनी ते हेरलं. लेक तीन वर्षांत पहिल्यांदा दमल्यासारखी दिसत होती.

"साहेब, तू बोल," ताई भावाकडे वळली. "तुमच्या ऑफिसात चालतं का असलं?"

साहेब म्हणजे धाकटा मुलगा. शहरातल्या काचेच्या इमारतीत काम करतो म्हणून अण्णांनीच ठेवलेलं नाव. ते कौतुकाने ठेवलं की टोमण्याने, हे घरात कुणी विचारलं नव्हतं. बहिणीने बाजू घ्यायला बोलावलं म्हणून तो सकाळी आला होता.

"आमच्याकडे?" साहेब म्हणाला. "शिवी दिली तर तासाभरात खुर्ची जाते."

"ऐका," ताई म्हणाली.

"आणि न देता?" अण्णांनी विचारलं.

साहेबाने जरा विचार केला. "न देता दोन महिने लागतात."

बापू फसकन हसले. ताईने भावाकडे असं पाहिलं, जसं लहानपणी त्याने तिची पेन्सिल दाताने तोडली होती तेव्हाच पाहिलं असेल.

"खरं सांगतोय," साहेब म्हणाला. "माझा वरिष्ठ रोज सकाळी माझं नाव घेऊन, हसून विचारतो, कसा आहेस. वर्ष झालं, उत्तर ऐकायला एकदाही थांबलेला नाही. एका बाईंना त्याने इतक्या गोड शब्दांत घरी पाठवलं की त्या आभार मानून गेल्या, जिन्यात कळलं काय झालं ते. अण्णा निदान तोंडावर बोलतात. मला विचारशील तर काढ पाटी."

"तुला विचारलं हीच चूक झाली."

"बघ," अण्णा म्हणाले. त्यांना एकदम भूक लागली. ताट परत जवळ ओढलं. "पोरगा काचेत राहून शहाणा झालाय. आता जखमी माणसाला विचार. पाय त्याचा भाजलाय. बापू, सांग हिला."

बापूंनी उशीवरचा पाय थोडा हलवला. बापू घरातलं सगळ्यात कमी बोलणारं माणूस. लाकडाशी काम करणाऱ्याला बोलायची गरज पडत नाही, असं ते म्हणत, तेही वर्षातून एकदा.

"पाटी राहू दे, दादा," ते म्हणाले.

अण्णांचा हात भाकरीच्या तुकड्यावर थांबला.

"तुझा पाय..."

"पाय बरा होईल. डॉक्टर तीन आठवडे म्हणालेत." बापूंनी टेबलाच्या लाकडातल्या एका रेघेवरून बोट पुढे नेलं. "मी सोळाव्या वर्षी आत आलो. बाबांनी महिन्याभरात मला माझी दिली. आईवरची. तुला ठाऊकच आहे, तूच तर चालू ठेवलीस."

"सगळ्यांच्याच तसल्या असतात. त्याला काही अर्थ नसतो रे."

"तुला नसतो." बापूंचा आवाज चढला नाही. "तुला आई आठवते. सात वर्षांचा होतास. माझ्या वेळी ती गेली. मी जन्मलो, आणि ती गेली. मला तिचं तोंड माहीत नाही, दादा. आणि बेचाळीस वर्षं रोज, पंखा सुरू झाला की, मला कुणीतरी तिच्यावरून हाक मारतं. दिवसाला दहा वेळा धर. मी वळतो. काम असतं, वळावं लागतं. पण आवडलं असं एकदाही झालं नाही."

बाहेर रस्त्यावरून एक सायकल गेली, तिची घंटा वाजली. माईंनी हातातला डाव अगदी हळू भांड्यात ठेवला.

"तू बोलला नाहीस कधी," अण्णा म्हणाले.

"त्या गोंगाटात?" बापू म्हणाले.

अण्णा उठले. खुर्ची मागे सरली, तिचा पाय फरशीवर घासला. ते कुणाकडे न बघता दाराबाहेर गेले, रस्ता ओलांडला, खिशातून किल्ली काढली आणि करड्या दाराआड दिसेनासे झाले. जेवण अर्धं ताटात.

"काका," ताई म्हणाली. तिने नुसता त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

"मी हे आधीच बोलायला हवं होतं," बापू म्हणाले. "वहिनी, तो जेवला नाही."

"ते मी बघते," माई म्हणाल्या.

तेवढ्यात रस्त्यापलीकडे घरघर सुरू झाली. आधी धीमी, मग खिडकीची काच हळूच थरथरली. रविवारी, भट्टी थंड असताना, कुणीतरी पंखा लावला होता.

*

सगळे त्यांच्यामागे रस्ता ओलांडून गेले. बापू कुबडीवर, साहेबाच्या खांद्याला धरून. माई ओतशाळेत क्वचितच येत. दारापर्यंत यायचं, डबा किंवा निरोप द्यायचा, परत फिरायचं. आज त्या आत गेल्या. काळी वाळू, रांगेने मांडलेले साचे, वर लोंबणाऱ्या साखळ्या. पंख्याचा आवाज कानात नव्हे, बरगड्यांत घुसत होता.

अण्णा रिकाम्या भट्टीसमोर उभे राहून ओरडत होते.

"बाजूलाऽऽ!" त्यांचं तोंड दिसत होतं, ऐकू मात्र निम्मंच येत होतं. मग "हटाऽऽ!" मग "खबरदार!" हे म्हणून त्यांचं त्यांनाच कसंतरी झालं असावं, कारण त्यांनी मागे वळून पाहिलं.

"काय करताय?" माईंनी कानाशी जाऊन विचारलं.

"शब्द शोधतोय!"

मग सगळेच शोधायला लागले. साहेब म्हणाला, शिट्टी. अण्णांनी सांगितलं की भट्टीपुढे दोन मिनिटं धातूची शिट्टी तोंडात धरून दाखव, मग नवे ओठ कुठून आणायचे ते बघू. ताई म्हणाली, घंटा. पण दोन्ही हात साखळीवर असतात, घंटा कशाने वाजवायची, डोक्याने? "थांब" पंख्याने गिळलं. "पाय" कुणाला "काय" वाटलं आणि साहेबाने उलट विचारलं, "काय काय?" बापू वाळूच्या पेटीवर बसून हसत होते, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते कशाचं हे माई विचारणार नव्हत्या.

"कुणावर ओरडताय सगळे?"

दारात गाभेवाली उभी होती. रविवारी कुणी नसेल, तेव्हा येऊन आपले ब्रश आणि वाळू थापायची करणी घेऊन जा, असं ताईनेच तिला कळवलं होतं. हातात कापडी पिशवी. ती आत यायला तयार नव्हती आणि परत जायलाही.

ताईने पंखा बंद केला. अचानक एवढी शांतता झाली की सगळ्यांना आपापले हात कुठे ठेवावेत कळेना.

अण्णा पुढे गेले. दोन साचे मध्ये ठेवून थांबले.

"मी चुकलो," ते म्हणाले. "मला वाटलं, मान देतोय."

"ठाऊक आहे, अण्णा."

"ठाऊक होतं? मग गेलीस का?"

"मान होता तो कळलं. म्हणूनच तर जास्त राग आला." गाभेवालीने पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "घरी गेले तर मुलगी विचारते, आई, आज काय झालं? काय सांगू तिला? आज मी पक्की झाले, पण कशाने ते विचारू नकोस?"

अण्णांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "आज मला दोघांनी सांगितलं हे. एकाला सांगायला बेचाळीस वर्षं लागली. तू बरी, पाच दिवसांत सांगितलंस."

"तुमच्यासाठीच पाटी लावलीय," ताई घाईने म्हणाली. "इथे आता शिवी..."

"पाहिली. शिवीच देऊ नये म्हणे." गाभेवालीने पाटीकडे हनुवटी उडवली. "ताई, मग मला पण नोकरी नको."

"म्हणजे?"

"शिव्या मलाही येतात. अण्णांपेक्षा चांगल्या. वाळू ओली निघाली, गाभा उचलताना कडा गेली, तर मी काय तिचे आभार मानते का? खाली मान घालून दिवसभर देत असते. वाळूला. पेटीला. त्या पंख्याला तर रोज सकाळी आल्या आल्या. माणसाला देत नाही. एवढाच फरक आहे, पण आहे."

ताईने पाटीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. नियम करताना किती सोपा वाटला होता. "मी तुम्हाला विचारलंच नाही," ती म्हणाली.

"कुणीच नाही विचारलं. एकाने देऊन टाकली, एकीने काढून टाकली."

साहेब हळूच म्हणाला, "ही बाई आमच्या ऑफिसात हवी होती."

"हात नको लावू," ताई म्हणाली. "आमची आहे."

गाभेवालीने 'आमची' ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं. पण पिशवी तिने पेटीवर ठेवली.

मग पुन्हा तोच प्रश्न: शब्द. गाभेवाली म्हणाली, लॅडल येते तेव्हा ओरडायला हवंच, शुक्रवारचं तिलाही कळलंय. अण्णा म्हणाले, तेच तर. पंखा पुन्हा लागला. आता पाच जण ओरडायला लागले. तीन वाजत आले होते. ताटं तशीच वाळत होती, भात दगड झाला असणार, आणि माईंच्या अंगातली सगळी सहनशक्ती पोटाच्या मार्गाने संपली. त्या दारात गेल्या, उंबऱ्यावर उभ्या राहिल्या आणि त्यांनी रोज घराच्या पायरीवरून मारतात ती हाक मारली.

"हुईऽऽ!"

ही त्यांची जेवणाची हाक. लहानपणी शेळ्या वळवताना गळ्यात बसलेली, लग्नानंतर एक वाजता ओतशाळेच्या दिशेने फिरवलेली. पातळ, टोकदार, सुईसारखी. कामगार तिची नक्कल करत आणि माई दर वेळी रागावल्यासारखं करत.

अण्णा मागे सरले. साखळी सोडून, दोन पावलं भिंतीकडे आणि मग सरळ दाराकडे. बापू पेटीवरून उठून कुबडी शोधायला लागले. गाभेवालीने हातातला ब्रश खाली टाकला आणि वळली. सगळे चार पावलं चालले आणि मग थबकले. एकमेकांकडे बघत उभे राहिले.

ताईने पंखा बंद केला.

"आई," ती म्हणाली. "परत कर."

"काय?"

"ते. परत कर, पण मागे तोंड करून. आणि पंखा लावते."

परत केलं. परत सगळ्यांचे पाय हलले. अण्णांचे तर आधी हलले, मग त्यांना कळलं.

"अडतीस वर्षं," अण्णा म्हणाले. "पंखा लागलेला असतो, मी भट्टीपाशी, आणि ही रस्त्याच्या पलीकडे. एक दिवस ऐकू आली नाही असं झालं नाही. मी कधी विचारच केला नाही."

"पण ती शेळ्यांची हाक आहे," साहेब म्हणाला.

"मग? शेळ्या भाजून मेलेल्या ऐकल्यास का कधी?"

"सगळ्यांना आधीच येते," गाभेवाली म्हणाली. "शिकवायला नको. ऐकली की हातातलं टाकून निघायचं, हे मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. तेवढंच तर हवंय."

"अहो, पण मग मी जेवायला काय ओरडू?" माई म्हणाल्या. त्यांना लाज वाटत होती, आणि लाजेच्या खाली दुसरंही काहीतरी वाटत होतं, त्याला त्या वयात नाव द्यायचं नसतं.

त्याचं उत्तरही माईंनीच दिलं. "काही नाही. भिंतीवर घड्याळ आहे. पोटं आहेत. या आपापले."

ताईने पाटी काढली. मागची बाजू कोरी होती. बापूंनी नमुन्यांवर आकडे रंगवायचा बारीक ब्रश मागितला, पाय पेटीवर ठेवला आणि पाटी मांडीवर घेतली. ताई सांगत होती, गाभेवाली दुरुस्त करत होती. शेवटी ठरलं ते असं: शिवी वाळूला द्यावी, लोखंडाला द्यावी, पंख्याला द्यावी. माणसाला नाही.

अण्णा भावाशेजारी पेटीवर बसले. माई जवळच भांडं घासल्यासारखा एक स्वच्छ लाकडी नमुना पदराने पुसत उभ्या होत्या. ऐकायचं नसल्याचं दाखवायला हात कशात तरी असावा लागतो.

"मग तुला काय हाक मारू?" अण्णांनी विचारलं.

"बापू."

"पंख्यात ऐकू येत नाही ते."

"तू कधी ओरडून पाहिलं नाहीस," बापू म्हणाले.

अण्णांनी पायाजवळची वाळू बुटाने सारखी केली. मग आवाज खाली आणून म्हणाले, "मला मात्र बाबांनी दिलेली आवडायची रे. ते गेल्यापासून कुणी म्हटलंच नाही. मीच थोरला झालो, मला कोण म्हणणार? बाबांनी मला दुसरं कधी काही म्हटल्याचं आठवत नाही. तेवढंच होतं."

बापूंनी ब्रश बाजूला ठेवला. भावाच्या कानाशी झुकले आणि हळूच काहीतरी म्हणाले. एकच शब्द असेल, फार तर दोन. अण्णा आधी दचकले, मग त्यांचे खांदे हलायला लागले, आणि मग दोघं म्हातारे काळ्या वाळूच्या पेटीवर बसून लहान मुलांसारखे हसत सुटले. अण्णांनी बाहीने डोळे पुसले. बाहीची काजळी गालाला लागली.

माईंनी विचारलं नाही. अडतीस वर्षं त्या घराच्या बाजूने ऐकत आल्या होत्या. या बाजूचं एवढंसं त्यांचं त्यांच्यापाशी राहू दे.

*

सोमवारी सकाळी अकराच्या सुमाराला माई खिडकीशी बटाटे सोलत होत्या तेव्हा पलीकडून आली. त्यांचीच हाक, पण जाड, खरखरीत, नवऱ्याच्या गळ्यातून निघालेली.

"हुईऽऽ!"

सुरी थांबली.  पंख्याची घरघर चालू होती. एक, दोन, तीन. त्यांनी सेकंद मोजले. मग साखळीचा खळखळाट, कुणाचं तरी हसणं, आणि त्या पाठोपाठ बाईमाणसाचा खणखणीत आवाज, वाळूच्या सात पिढ्यांचा उद्धार करणारा. माईंनी तो शब्द जन्मात पहिल्यांदा ऐकला. इकडेतिकडे बघून त्यांनी तो एकदा बटाट्याला म्हणून पाहिला. बरं वाटलं.

एक वाजता सवयीने त्या पायरीवर आल्या, तोंड उघडलं, आणि आठवलं. तोंड मिटलं. कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. एक वाजून एक मिनिट. दोन. पोटं विसरली वाटतं.

मग करडं दार उघडलं. आधी गाभेवाली, कोपरापर्यंत काळी, ताईशी काहीतरी वाद घालत. ताई हसत. मागून बापू, कुबडी टेकत, एवढ्यात कामावर येऊ नकोस म्हणून सांगितलेलं न ऐकता आलेले. अण्णा नळावर थांबले. वाकले, ओंजळ भरली, ती तोंडापर्यंत नेली. आणि तशीच खाली सोडून दिली. हात तेवढे धुतले.

दारापुढे एक पायरी आहे, कडेला फुटलेली. बापूंची कुबडी तिच्या कडेवर आली. आत पंखा अजून चालू होता.

रस्त्याच्या अलीकडे, माईंना, स्वच्छ ऐकू आलं.

"बापूऽऽ! पायरी!"

बापूंनी मान वळवली.